गाभण डुकरिणींना रोज किती खाद्य घालता? माद्या गोल झाल्यात आणि पिल्लं कमी

माणदेशी_वराह
राम राम मंडळी. आटपाडीकडं आमचं छोटं फार्म आहे. यॉर्कशायर-लँडरेस संकराच्या वीसेक माद्या आणि दोन नर. गावात अजून लोक नाक मुरडतात, पण पैसा लवकर फिरतो म्हणून धंदा धरून ठेवलाय.

अडचण खाद्याची आहे. सकाळी तालुक्याच्या हॉटेलांतलं खरकटं येतं, संध्याकाळी मक्याचा भरडा, सरकी पेंड आणि गायींची गोळी (गोळी खाद्य) एकत्र भिजवून घालतो. गाभण मादी दिसली की आई एक डबा जास्त टाकते, "दोन जिवांची हाय" म्हणते. दोन कुठले, दहा जिवांची असती ती, पण आईला कोण सांगणार.

माद्या दिसायला झकास, पाठ टेबलासारखी सपाट. पण व्यायला सहा-सात पिल्लं, त्यातली एक-दोन अंगाखाली चिरडून जातात. व्याल्यावर मादी दोन दिवस टोपल्याला तोंड लावत नाही. दूध कमी, पिल्लं रडत राहतात. पिल्लं तोडल्यावर (आईच्या दुधावरून सोडवल्यावर) माजावर यायलाही उशीर.

गाभणपणी नेमकं काय आणि किती घालायचं? कंपनीचं खाद्य महाग पडतं, घरी बनवायचं आहे.

पुणेरी_बादली
भाऊ, डुकराला मका घालून पाळलं तर धंदा संपलाच म्हणायचा. आमच्याकडं बापाच्या काळापासून हॉटेलचा माल चालतो. माद्या व्यातात, पिल्लं विकतात. डोकं लावायचंच नाही. तुमच्या माद्या गोळी खाऊन जाड झाल्यात, ती बंद करा, खरकटं वाढवा.

निवृत्त_पशुवैद्य
माणदेशी, आधी टोपलं बाजूला ठेवा आणि मादीच्या पाठीवर हात ठेवा. अंदाज डोळ्याने घेऊ नका, केसांमुळे आणि पोटामुळे डोळा फसतो. मादी उभी असताना मागून जा, तळहात कंबरेच्या हाडावर ठेवून दाबा, मग बोटं पाठीच्या कण्यावरून शेपटीकडे न्या.

हात नुसता टेकवला तरी हाड टोचलं तर मादी बारीक आहे. बऱ्यापैकी दाबल्यावर हाड लागलं तर ती आपल्याला हवी तशी आहे. 1 ते 5 अशा मापात हिला आपण 3 म्हणतो. जोर लावूनही हाड सापडत नसेल आणि शेपटीच्या बुडाशी चरबीच्या वळ्या असतील तर 4 च्या पुढे. तुमच्या वर्णनावरून बहुतेक माद्या इथे बसतील. मादी भरवताना (नराकडून फळवताना), गाभणपणाच्या साधारण तिसाव्या आणि साठाव्या दिवशी आणि व्यायच्या घरात नेताना, एवढ्या वेळा हात लावला तरी पुरे.

आता मात्रा. गाभणकाळ सरासरी 114 दिवसांचा: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पूर्ण वाढलेल्या संकरित मादीला, कोरडं चांगलं खाद्य असेल तर:

भरवल्यापासून पहिला महिना 2 किलोच्या आसपास.
त्यानंतर नव्वदाव्या दिवसापर्यंत 2 ते अडीच. बारीक मादीला थोडं वर, जाड मादीला थोडं खाली.
नव्वदीनंतर अडीच ते 3. पिल्लांचं बरंचसं वजन याच काळात भरतं. पण आधीच जाड असलेल्या मादीला इथे वाढवू नका, पिल्लं मोठी होण्यापेक्षा व्यायला त्रास जास्त होतो.

तुमच्या मुख्य तक्रारीचं कारण इथेच आहे. गाभणपणी जी मादी हवं तेवढं खाते, ती व्याल्यावर कमी खाते. हे अनेक दशकांपासून माहीत आहे. अंगावर चरबी साठली की तिची भूकच मरते. मग दूध अंगातून काढते, महिनाभरात उतरते आणि पिल्लं तोडल्यावर माजावर यायला वेळ लावते. जाड मादीला उठ-बस जड जाते, म्हणून पिल्लं चिरडतात. शिवाय साधारण 75 ते 90 दिवसांच्या दरम्यान कासेत दूध तयार करणाऱ्या पेशी वाढत असतात. त्या काळात मादी अति जाड असेल तर तिथे चरबीच भरते. आईंच्या त्या एका डब्याचा हिशेब असा लांब जातो.

व्याल्यानंतर मात्र हात आखडता घेऊ नका. पहिल्या दिवशी थोडं, मग रोज वाढवत आठवड्याच्या आत पूर्ण खाद्यावर आणा. जुना सोपा हिशेब: मादीचे 2 किलो आणि प्रत्येक पिल्लामागे अर्धा किलो. आपल्या हवेत जास्त पिल्लांची मादी एवढं खाईलच असं नाही, पण 5-6 किलो पोटात गेलंच पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: गाभणीला लाड, ओल्या बाळंतिणीला उरलंसुरलं.

आणि सहा-सात पिल्लांचा दोष सगळा खाद्यावर टाकू नका. नर किती माद्यांना वापरता? मादी एकदाच भरवता की 12 ते 24 तासांच्या अंतराने दोनदा? एप्रिल-मेच्या उन्हात नर तापला तर पुढचा महिना-दीड महिना त्याचं बीज कमजोर राहतं. व्याताना वाळलेली, काळपट पिल्लं पडतात का? पडत असतील तर पार्व्होसारख्या रोगाचा विचार करावा लागेल, तिथे भरडा बदलून काही होणार नाही.

माणदेशी_वराह
डॉक्टर, आजच हात लावून बघितलं. चार-पाच सोडल्या तर बाकीच्यांचं हाड सापडलंच नाही. आणि गंमत म्हणजे ज्या चार-पाच निघाल्या त्या फारच बारीक. सगळ्यांना एकच लांब गव्हाण आहे.

भरवतो एकदाच. वाळकी पिल्लं क्वचित.

शोभना_बारामती
दादा, तुमचं उत्तर त्या लांब गव्हाणीतच आहे. डुकरिणींत थोरली-धाकटी ठरलेली असते. थोरल्या दोघी-तिघी गव्हाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून खातात, गरीब माद्या भिंतीला उभ्या. सरासरी काढली तर बरोबर दोन-अडीच किलो, प्रत्यक्षात एकीच्या पोटात चार आणि दुसरीच्या पोटात एक.

आम्ही पाईप वाकवून प्रत्येकीसाठी मानेपासून खांद्यापर्यंत आडोसा होईल असे कप्पे केले. पाठीमागून मोकळेच. सगळ्या एकदम आत शिरतात, आपापलं खातात. तेवढाही खर्च नको असेल तर आधी जाड वेगळ्या, बारीक वेगळ्या, पहिलारू वेगळ्या असे तीन गट करा. मात्र भरवल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे कळप हलवू नका. मारामाऱ्या होतात आणि मादी उलटते (गाभ न राहता पुन्हा माजावर येते). गट करायचे ते भरवल्यावर लगेच, नाहीतर गाभण पक्की झाल्यावर.

दुसरं, डबा. तुमचा डबा कसला? आमच्याकडे तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा होता. मक्याचा भरडा भरून तोलला आणि नंतर तोच डबा गव्हाच्या कोंड्याने भरून तोलला, तर कोंड्याचं वजन निम्म्याच्या आसपास. गडी मात्र दोन्ही वेळा "एक डबा घातला" असंच सांगतो. नवीन घाण तयार झाली की प्रत्येक वेळी डबा तोलायचा आणि डब्याच्या आत रंगाने रेघ मारायची. गड्याला किलो सांगायचे नाहीत, रेघ दाखवायची.

(घाण म्हणजे एका वेळचं मिसळलेलं खाद्य, नवख्यांनी नाक दाबू नये.)

गोदाकाठचा_सोयाबीनवाला
नांदेडहून. आमच्याकडं घरचं सोयाबीन पडून आहे, भाव तर तुम्हाला माहीतच. ते भरडून थेट गाभण माद्यांना घातलं तर पेंड विकत घ्यायची गरज काय?

आणि डॉक्टर, सरकी पेंडीबद्दल कुणी बोललंच नाही.

निवृत्त_पशुवैद्य
बोलायचंच होतं. एकेक घेतो.

सरकी पेंडीत गॉसिपॉल असतं. गाय-म्हशीच्या पोटात ते बऱ्यापैकी निष्प्रभ होतं, डुकराचं पोट वेगळं. साठत जातं, हृदयावर आणि प्रजननावर परिणाम होतो. पैदाशीच्या जनावरांना सरकी पेंड नकोच, नराला तर मुळीच नको.

गायींची गोळी: बऱ्याच गोळ्यांत युरिया असतो. गाय त्याचं प्रथिन बनवते कारण तिच्या पोटात ते काम करणारे जंतू आहेत. डुकराला त्याचा शून्य उपयोग. पिशवीवर लिहिलेले प्रथिनाचे टक्के त्यामुळे डुकरासाठी खोटे ठरतात. शिवाय त्यात बऱ्याचदा सरकीही असते.

कच्चं सोयाबीन: त्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो, भाजल्यावर तो मरतो. लहान पिल्लांना आणि दुधावरच्या मादीला कच्चं अजिबात नको. गाभण मोठी मादी थोडं सोसते, कारण तिची प्रथिनाची गरजच कमी आहे. तरी माझा सल्ला भाजूनच घाला असा. आणि सोयाबीनमध्ये तेल आहे हे विसरू नका. जाड माद्यांना ते घालून तुम्ही पुन्हा तिथेच याल. माणदेशींनी सध्या सोयाबीनची पेंडच वापरावी.

शेंगदाणा पेंड स्वस्त मिळाली तरी बुरशीचा धोका, गाभणीला टाळा. सुबाभळीचा पाला कुणी घालत असेल तर बंद करा, त्यातलं मिमोसीन शेळीला चालून जातं, डुकरिणीला बाधतं.

घरी बनवायचं 100 किलोचं गाभण खाद्य:
मक्याचा भरडा 50
गव्हाचा कोंडा 25
राइस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) 11.5
सोयाबीन पेंड 10
खनिज मिश्रण 2
चुनखडी पावडर 1
मीठ अर्धा किलो

प्रथिन 14 टक्क्यांच्या आसपास बसतं, गाभणीला तेवढं भरपूर झालं. दुधावरच्या मादीला हेच चालणार नाही. तिला मका 61, सोयाबीन पेंड 22, गहू कोंडा 10, राइस पॉलिश साडेतीन, बाकी खनिज-चुनखडी-मीठ तसंच. प्रथिन 17 च्या वर जातं. राइस पॉलिश ताजीच घ्या, जुनी खवट होते आणि मादी तोंड फिरवते. जीवनसत्त्वांची पूड कंपनी सांगेल त्या मापात वेगळी मिसळा. खनिज मिश्रण गायीचं घेऊ नका, डुकराचं मिळतं.

पुणेरी_बादली
हे सगळं कागदावर छान. वीस माद्यांना रोज पन्नास किलो असलं खाद्य म्हणजे महिन्याला दीड टन. कुठनं आणायचं? आमची खरकट्यावरची मादी नऊ-नऊ पिल्लं देते. डॉक्टर लोकांचं खरकट्याशी काय वाकडं आहे कळत नाही.

निवृत्त_पशुवैद्य
वाकडं काही नाही, हिशेब आहे. खरकट्यात कोरडा अंश साधारण पाव. म्हणजे गाभणीला दोन किलो कोरडं द्यायचं तर 8 ते 10 किलो खरकटं. तेवढं ती खाते, जमून जातं. तुमच्या माद्या चांगल्या आहेत याचं मला आश्चर्य नाही. पण दुधावरच्या मादीला याच हिशेबाने 20-25 किलो लागेल, तेवढं पाणी पोटात मावत नाही. म्हणून तिची पाठ उतरते. तुमची पिल्लं किती दिवसांनी तोडता आणि मादी पुढे किती दिवसांनी माजावर येते, तो आकडा सांगा, मग बोलू.

शिवाय लग्नसराईत बिर्याणी आणि गुलाबजाम, श्रावणात नुसता भात. आज तेल, उद्या पाणी. मीठ किती ते देवालाच ठाऊक. खारट खरकटं घातलं आणि दुपारी पाण्याची टाकी रिकामी राहिली तर डुकरं गोल फिरायला लागतात, भिंतीला डोकं लावतात, झटके येऊन मरतात. लोक विषबाधा म्हणून शेजाऱ्यावर संशय घेतात.

आणि मुख्य मुद्दा आफ्रिकन स्वाइन फीवर, खरकट्यातल्या डुकराच्या मांसातूनही येणारा डुकरांचा जीवघेणा रोग. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात तो आपल्या देशात पहिल्यांदा सापडला आणि नंतर राज्याराज्यांत पसरला. औषध नाही, आपल्याकडे लस नाही. लागण निघाली तर त्या जागेपासून 1 किलोमीटरच्या आतली डुकरं मारून पुरावी लागतात. म्हणजे तुमच्या खरकट्यामुळे शेजाऱ्याच्या माद्याही जातात. डुकराच्या मांसाचा तुकडा ज्या हॉटेलातून येऊ शकतो ते हॉटेल बंदच करा. बाकीचं 90 अंशांवर 60 मिनिटं, सतत ढवळत. एक उकळी आली की उतरवलं, याला उकळणं म्हणत नाहीत.

पुणेरी_बादली
कढई आहे आमच्याकडं, उकळतोच. एक तास नाही उकळत, हे खरं. जळणाचा खर्च धरला तर मग खरकटंही फुकट राहत नाही, तेवढं मान्य.

पिल्लं दीड महिन्यानं तोडतो. माजावर कधी दहा दिवसांनी, कधी महिनाही लागतो.

निवृत्त_पशुवैद्य
चांगल्या अंगाची मादी पिल्लं तोडल्यावर 4 ते 7 दिवसांत माजावर येते. तुमचा महिना कुठे जातो ते आता तुम्हीच बघा. दुधावर असताना खरकट्याबरोबर दोन-तीन किलो भरडा-पेंड सुरू करा. फक्त तेवढ्याच माद्यांना, तेवढेच दिवस. खर्च तेवढाच.

सावंतवाडीकर
चर्चेत शिरतो. वर सगळे किलो यॉर्कशायर धरून लिहिलेत. आमच्याकडे आणि गोव्यात देशी काळी डुकरं आहेत, त्यांना अडीच किलो भरडा म्हणजे मेजवानी. गोव्याच्या अगोंडा गोवन जातीची तर राष्ट्रीय पातळीवर नोंद झालीय, जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत तिच्यावर काम चालतं. अंगाने लहान, पिल्लं कमी, पण काटक. घरामागची एखादी मादी पेजेवर, भाताच्या कोंड्यावर आणि स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर वर्षानुवर्षं निघते. नाताळच्या आधी पिल्लांना जो भाव मिळतो तो पांढऱ्या डुकराला मिळत नाही, सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा गोव्याकडचा पदार्थ) करणारे चरबी-मांस बघून पारख करतात.

आमचा प्रयोग काजूच्या बोंडांच्या चोथ्याचा. एप्रिल-मेमध्ये रस काढून झाला की चोथा ढिगाने फुकट. ताजा घातला तर थोडाच, कारण तासाभरात आंबतो आणि तुरट असतो. वाळवून किंवा पिंपात दाबून मुरवून ठेवला तर गाभण माद्यांच्या खाद्यात काही भाग भरून निघतो. चोथ्यात प्रथिन फारसं नाही, पोट भरतं एवढंच. पण गाभण मादीला पोट भरणंच तर हवं असतं!

उत्तरेचा_वारा
मी मूळचा नगरचा, सध्या डेन्मार्कमध्ये एका डुक्कर फार्मवर नोकरी. सावंतवाडीकरांचं शेवटचं वाक्य मला फार पटलं.

दोन किलो दाट खाद्य मादी दहा मिनिटांत संपवते आणि उरलेला दिवस उपाशी असल्यासारखी वागते. गज चावत बसते, रिकामं तोंड चघळते, फेस काढते. इथे म्हणून गाभण खाद्यात तंतू वाढवतात, वर चघळायला गवत-पेंढा देतात. ऊर्जा तेवढीच, पोट मात्र भरलेलं. तुमच्याकडे मेथीघास, रताळ्याचे वेल, मक्याची कोवळी वैरण आहे. दुपारी दोन-तीन किलो टाका, कळप शांत होतो. युरोपीय संघात 2013 पासून भरवल्यानंतरच्या चार आठवड्यांपासून व्यायच्या एक आठवडा आधीपर्यंत माद्या गटातच ठेवाव्या लागतात, एकेकटीला पिंजऱ्यात कोंडता येत नाही. त्यामुळे शोभनाताईंचा थोरली-धाकटीचा प्रश्न इथे रोजचा. आमच्याकडे मादीच्या कानात बिल्ला असतो, ती यंत्रात शिरली की तिच्या वाट्याचं खाद्य पडतं आणि दुसऱ्यांदा शिरली तर रिकाम्या हाती परत. तरी थोरल्या तिथेही दारात आडव्या पडतात.

एक गोष्ट मात्र इथे शिकलो ती सांगण्यासारखी. आपल्याकडे व्यायच्या दिवशी मादीला उपाशी ठेवायची पद्धत आहे. इथल्या अभ्यासांत उलटं निघालं: शेवटचं खाणं आणि वेणा यांत बरेच तास गेले तर मादीची ताकद संपते, व्यायला वेळ लागतो, मेलेली पिल्लं वाढतात. म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस आम्ही तेवढंच खाद्य तीन-चार वेळांत विभागून देतो. मात्रा जास्त नाही, फेऱ्या जास्त.

इथल्या पिल्लांच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. सरासरी 17 च्या वर जिवंत पिल्लं पडतात आणि मादीला सड तेवढे नसतात. मग दुसरीची पिल्लं पाजणाऱ्या दाई-माद्या शोधत फिरा. हे सुख नाही.

गोदाकाठचा_सोयाबीनवाला
अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) घातला तर? यूट्यूबवर सगळे अझोलाच दाखवतात.

निवृत्त_पशुवैद्य
अझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. एक किलो कोरडा अंश मिळवायला पंधरा किलो अझोला काढावा लागेल. हौस म्हणून घाला, हिशेबात धरू नका.

उत्तरेचा_वारा यांचं व्यायच्या दिवसाचं म्हणणं बरोबर आहे. फक्त एक जोड: आपल्याकडे त्या वेळी बद्धकोष्ठ फार होतं. लेंडी कडक, गोळ्या-गोळ्या पडायला लागल्या की समजा. आतडं तुंबलं की व्यायला अडतं, ताप येतो, कास दगड होते आणि दूध उतरत नाही. माणदेशींच्या माद्या व्याल्यावर तोंड लावत नाहीत त्याचं अर्धं कारण मला हेच वाटतं. शेवटचा आठवडा गव्हाचा कोंडा वाढवा, हिरवं द्या, गरज पडली तर आपल्या डॉक्टरांना विचारून पोट साफ करणारं एप्सम मीठ. व्याल्यावर मादी तापलेली असेल तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

शोभना_बारामती
बद्धकोष्ठावर पहिलं औषध पाणी. पाणी प्यायचे निपल आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. एक लिटरची बाटली घ्या, निपलखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. अर्ध्या मिनिटात भरली तर ठीक. दोन मिनिटं लागत असतील तर दुधावरची मादी तिथे उभी राहून कंटाळते आणि पाणी न पिताच परत जाते. पाणी कमी प्यायली की खाद्यही कमी. तिला दिवसाला 25-30 लिटर लागतं, आपल्या मेमध्ये त्याहून जास्त. आमच्या एका कोपऱ्यातल्या निपलात शेवाळ-क्षार अडकला होता, त्याच घरातल्या मादीचं दूध कायम कमी. मादी बदलली तरी तिथे तेच! निपल खोलून साफ केला तेव्हा भानगड मिटली.

उन्हाळ्यात खाद्याची वेळ बदला. पहाटे पाचला आणि रात्री दिवस थंडावल्यावर. दुपारी बाराला घातलेलं खाद्य आंबतं, दुसऱ्या वेळचंही खात नाही. गव्हाणीतलं शिळं काढूनच नवीन टाकायचं. आणि व्यायच्या घरात मादीच्या मानेवर थेंब-थेंब पाणी पडेल असं ठिबक लावा. मानेवरच, सगळ्या घरात नाही, पिल्लं ओली झाली तर गारठतात. मादीला गारवा हवा, पिल्लांना ऊब. तेव्हा पिल्लांचा कोपरा वेगळा करून तिथे बल्ब.

गड्याच्या हातात खाद्य सोडलं की काय होतं तेही लिहिते. गड्याला माद्या ओरडलेल्या चालत नाहीत. ओरडल्या की तो डबा टाकतो. म्हणून सगळ्यांना एकाच वेळी, दोन मिनिटांत खाद्य पडलं पाहिजे, नाहीतर शेवटच्या घराला नेहमी जास्तच जातं.

पुणेरी_बादली
ताई, गड्याचं बरोबर पकडलंत.

माणदेशी_वराह
धागा वर काढतोय, दीडेक महिना झाला. सरकी आणि गोळी बंद, डॉक्टरांचं गाभण खाद्य सुरू. मका-कोंडा इथंच मिळतो, पेंड सांगलीहून आणतो. खरकटं फक्त भाकड आणि विकायच्या डुकरांना, तेही उकळून. कप्पे अजून झाले नाहीत पण गट केले.

आईशी मोठी बोलाचाली झाली. शेवटी तिलाच मादीच्या कमरेवर हात लावायला सांगितलं. एका जाडीला आणि एका बारकीला. काही बोलली नाही, पण आता डबा रेघेपर्यंतच भरते, आणि दुपारचा हिरवा घास टाकायचं काम तिनंच घेतलंय.

ज्या आधीपासून जाड होत्या त्यातल्या तीन व्याल्या. पिल्लं आठ, सात, नऊ. त्यात काय एवढं वाढलं म्हणता येणार नाही, गाभ आधीचाच होता. पण तिघी दुसऱ्या दिवशी उठून खायला आल्या. एकीला ताप होता, इंजेक्शन दिलं. चिरडलेलं एकच.

बारीक चार माद्यांना काय करू? आणि पहिलारूंना भरवायच्या आधी जास्त घालतात म्हणे, ते कितपत खरं?

निवृत्त_पशुवैद्य
छान. जाड माद्यांना गाभण असताना उपाशी मारून उतरवू नका, व्याल्यावर आपोआप उतरतील. पुढच्या वेताला नीट पकडा.

बारीक चौघींना अर्धा-पाऊण किलो वर, महिनाभर. त्याआधी लेंडी तपासून जंताचं औषध. बारीक मादी कधीकधी उपाशी नसते, जंतांना पोसत असते. बाकीच्यांनाही व्यायच्या दहा-पंधरा दिवस आधी जंतनाशक द्या, नाहीतर जंत पिल्लांना वारशात मिळतात.

पहिलारूचं खरं आहे. आठेक महिन्यांची, 120 किलोच्या आसपास वजनाची, दुसऱ्या किंवा तिसऱ्या माजाला भरवायची असेल तर आधीचे 10 ते 14 दिवस खाद्य तीन किलो किंवा त्याहून वर न्या. बीजं जास्त सुटतात. भरवली की त्याच दिवसापासून 2 किलोवर. लोक वाढवतात बरोबर, कमी करायला विसरतात. आणि 18 ते 24 व्या दिवशी नर फिरवून बघा, उलटली असेल तर तिला तीन महिने गाभण समजून पोसू नका.

गोदाकाठचा_सोयाबीनवाला
एक शेवटचं. आमच्या दोन पाटींना (न व्यालेल्या कोवळ्या माद्यांना), वय पाच महिनेसुद्धा नसेल, माजासारखी सूज आलीय. नर जवळ नाही, माज नाही, नुसती सूज. एका गाभण मादीनं मध्येच गाभ टाकला पण. मका नवीनच आहे, पावसात भिजलेला स्वस्तात मिळाला होता.

निवृत्त_पशुवैद्य
तो मका आजच बंद करा, गाभण माद्यांचा आधी. भिजलेल्या मक्यावरच्या एका बुरशीचं विष मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. कोवळ्या पाटींना खोटी सूज येते, गाभणी टाकतात किंवा उलटतात. वाळवून किंवा भाजून ते विष जात नाही. दाणे फोडून बघा, आत गुलाबी-तांबूस झाक असेल तर संशय पक्का, पण झाक नसली म्हणून मका चांगला असं नाही. विष बांधणारी पावडर मिळते, ती या विषावर फारशी चालत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर तोच मका घालत बसू नका.

नमुना पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा, पोत्याच्या वरून नाही, पाच-सहा पोत्यांच्या मधून मूठ-मूठ काढून. टाकलेली पिल्लं आणि वार हाताळताना हातमोजे घाला, ब्रुसेला किंवा लेप्टोचे जंतू असतील तर तुम्हालाही रोग होतो. ते फेकू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बर्फात घालून न्या. नवीन मका घेताना ओल 13 टक्क्यांच्या वर असेल तर कितीही स्वस्त असला तरी व्यापाऱ्याकडेच राहू द्या.